निळ्यातला मॅजेंटा

मी आजवर बऱ्याच लोकांना माफी मागायला लावली आहे. एका तलाठ्याला, एका मुख्याध्यापकाला, पाणवठा अडवून बसलेल्या एका सरपंचाला. माफी मागायची ती चारचौघांत, बंद खोलीत नाही, हा आमच्या संघटनेचा नियम. तो पत्रकात छापणारा मीच. आणि सांगलीतल्या एका डीटीपीच्या दुकानात मी एका मुलीची नोकरी एका वाक्यात घालवली, हे कागदावर उतरवायला मला तीन वर्षं लागली. कामाच्या गडबडीत राहून गेलं असं म्हणता येईल, पण ते खोटं आहे. धीर होत नव्हता.

माझं घर पाटणच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घराच्या भिंतीला निळ्या रंगाचा एक पट्टा आहे. दरवर्षी तो नव्यानं ओढायचा आणि रंग कालवताना सगळ्यांनी भांडायचं. आई म्हणायची गडद झाला, चुलता म्हणायचा फिका झाला. मी बी.ए. होऊन संघटनेच्या कामाला सांगलीत आलो. काम गायरानाचं. भूमिहीन माणसं पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसतात, आणि सरकार त्यांना अतिक्रमण करणारे म्हणतं. ज्यांच्या बंगल्यांचे कट्टे रस्त्यात आलेत त्यांना कुणी काही म्हणत नाही. असो, पत्रक लिहायची सवय आहे, ती मध्येच उसळते.

आमची पत्रकं एका रंगात निघायची. बोळातल्या एका छापखान्यात हातानं कागद लावायचं मशीन होतं. निळं पत्रक हवं असलं की मशीनवाला निळ्या शाईचा डबा उघडायचा. आमच्या लेखी निळा म्हणजे डबा. झाकण काढलं की निळा. तो तयार करावा लागतो हे आम्हाला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

मग जिल्ह्याच्या मोर्चासाठी पहिल्यांदा रंगीत पोस्टर काढायचं ठरलं. वर फडकता निळा झेंडा, मध्ये खुरपं घेतलेल्या एका म्हातारीचा फोटो, आणि फोटोच्या खालच्या भागावर, तिच्या लुगड्याच्या निऱ्यांवरून, मोर्चात येणाऱ्या सगळ्या गावांची नावं. कल्पना माझी. मला ती फार मोठी वाटत होती. गावांची नावं तिच्या अंगावर. बघणाऱ्याच्या काळजाला हात घालायचा, असं मी बैठकीत म्हणालोसुद्धा.

दुकानात काचेची एक खोली होती. कॉम्प्युटरला गारवा लागतो म्हणून एसी, आणि धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर. आत ती बसायची. मे महिन्यात स्वेटर घालून. जत तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आता तिच्या घरी थोडी शेती होती, पण वडील अजून दिवाळीनंतर कळप घेऊन खाली उतरायचे. ती शिकली, टायपिंग केलं, कोर्स केला आणि सांगलीत मावशीकडं राहून ही नोकरी धरली. हे सगळं मला पुढं हळूहळू कळलं. पहिल्या दिवशी मला फक्त तिची पाठ दिसली आणि पडद्यावरची म्हातारी.

"चेहरा उजळते, दादा," ती म्हणाली आणि माउस फिरवला. खुरपंवाली म्हातारी माझ्या डोळ्यांदेखत गव्हाळ झाली.

"थांबा. हिला गोरी करायला कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"मी सांगत नाही. जन्मभर उन्हात राबलीय ती. आहे तशीच पाहिजे."

तेव्हा ती वळली. "इथं बसल्यापास्नं पहिलंच गिऱ्हाईक बघतेय, काळी ठेवा म्हणणारं. मागल्या आठवड्यात एक साहेब आले होते, वाढदिवसाच्या पोस्टरला. त्यांना इतकं गोरं केलं की त्यांच्या मिसेसनी ओळखलं न्हाई."

मी हसलो नाही. मी तेव्हा फारसा हसायचो नाही, लढणाऱ्या माणसानं हसू नये असं काहीतरी डोक्यात होतं. मी तिला गोऱ्या रंगाच्या राजकारणावर पाच मिनिटं ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग पडद्याकडं बोट केलं.

"तुमचं सगळं खरं. पण हाय तशी ठेवली तर कागदावर कोळसा येईल. शाई कागदात पसरती, ठिपका फुगतो. म्हणून इथं जरा उजळ करायची, म्हणजे तिथं हाय तशी येती."

"म्हणजे पडदा खोटा बोलतो?"

"खोटा न्हाई बोलत. त्याच्याकडं स्वतःचा उजेड हाय. कागदाकडं न्हाई."

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं. वाटलं, कुठल्यातरी पत्रकात वापरता येईल. समजून घ्यायचं मात्र राहिलं.

पोस्टरला सहा-सात दिवस लागले. लागायला नको होते. मी मजकूर एकदम दिला असता तर काम दोन दिवसांचं होतं. पण मी गावांची नावं तीन वेळा करून नेली, झेंड्याचे चार फोटो नेले, एकदा तर नुसतं स्वल्पविराम बघायला गेलो. तिला ते कळत होतं. ती डाव्या हाताची दोन बोटं कळफलकावर न बघता दाबायची आणि उजव्यानं म्हातारीच्या सुरकुत्या एकेक करून सोडवायची, कारण जुन्या फोटोवर बुरशीचे डाग होते आणि डाग कुठला, सुरकुती कुठली, हे तिलाच दिसायचं. मी शेजारच्या स्टुलावर बसून थंडीनं आखडायचो. ती म्हणायची, "अप्पांच्या शंभर मेंढरांत त्यांना आपलं एकेक ओळखू येतं. पांढरं म्हंजी एकच पांढरं नसतंय. दुधाळ हाय, पिवळसर हाय, राखी हाय. मी त्यांच्याकडनंच शिकले, हितं नुसतं नावं घालायचं कळलं." तिच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी असायची. एकदा तिनं अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

आणि कुठल्यातरी दिवशी, बहुधा चौथ्या, माझ्या लक्षात आलं की ती मला 'दादा' म्हणायची थांबली आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला दादा, काका, मामा चालू. मला नुसतं "हे बघा," "हे चालंल का." खोलीवर जाताना कृष्णेच्या पुलावर उगाचच थांबलो. पाणी कमी होतं, म्हशी बसल्या होत्या. मला फार बरं वाटत होतं, आणि त्याचं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या दिवशी निळा झेंडा आला.

पडद्यावर तो असा झळकत होता की मी स्टुलावरून उठलो. आईला आणि चुलत्याला एकाच वेळी पटला असता असा निळा. ती म्हणाली, "आता छपाईच्या रंगात करते," आणि एक बटण दाबलं. पडद्यावरचा निळा मेला. खरंच, डोळ्यांसमोर. धुतलेल्या शाळेच्या गणवेशासारखा झाला.

"हे काय केलं?"

"छपाईला चार शाया असतात. सायन म्हंजी आकाशी, मॅजेंटा म्हंजी राणी रंग, पिवळी, काळी. निळी शाईच नसती. सायनमध्ये मॅजेंटा घालून निळा करायचा. पडद्याचा निळा त्यात बसत न्हाई, म्हणून असा दिसतोय. कागदावर ह्यो बरा येईल बघा. मी मॅजेंटा मुद्दाम कमी ठेवलाय."

त्याच वेळी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कुठल्या मंडळाचं छापून आलेलं पोस्टर पडलं होतं. भगवं. कागदावरसुद्धा लखलखीत. मी त्याच्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, आणि माझ्यातलं पत्रक उसळलं.

"भगवा बरा उजळ येतो तुमच्याकडं."

"त्याला पिवळी शाई हाय ना. पिवळ्यात मॅजेंटा घातला की केशरी उजळ येतो. निळ्याचं तसं—"

"आमचाच बरा मरतो."

तिनं माउसवरचा हात काढला.

"पूर्वीचा निळा आणा," मी म्हणालो.

"आणते. पण तसा दिसायला मॅजेंटा वाढवावा लागंल, आणि मग कागदावर वांगं यील."

"कुणी सांगितलं तुला हे? मालकानं?"

'तुला' म्हणालो. आठवडाभर 'तुम्ही' म्हणत होतो. मला त्या क्षणी ते कळलंही नाही, कारण मी तिच्याशी बोलतच नव्हतो. आजवर आमचा पट्टा पुसणाऱ्या प्रत्येकाशी बोलत होतो. पुढं मी हेही म्हणालो की तुम्हा लोकांना निळा डोळ्यांत खुपतो, सरळ सांगायची हिंमत नाही म्हणून शायांची नावं सांगता.

तिनं मॅजेंटा वाढवला. आकडा चढत गेला तसा पडद्यावर निळा पुन्हा जिवंत झाला. "हां, असा," मी म्हणालो. आणि वर आणखी एक हुकूम सोडला: गावांची नावंही इथंच, चित्राच्या फाइलमध्येच टाक, वेगळ्या पानावर नको, उद्या तिकडं नावं गळाली म्हणजे. ती म्हणाली की अक्षरं चित्रात टाकली तर काळ्याच्या जागी चारही रंग येतात, बारीक अक्षर फुटतं. मी म्हणालो, टाक.

तिनं प्रिंट काढली. रंगीत प्रूफ कोल्हापूरला निघायचं आणि तेवढी सवड नव्हती, म्हणून साधी काळी-पांढरी. तिनं ती माझ्यापुढं ठेवली, पेन ठेवलं.

"सही करा, दादा."

मी सही केली. मोठी, लफ्फेदार. तो शब्द ऐकू आला होता. तरी केली.

पोस्टरं आली तेव्हा मी कुंडलला, आमच्या वस्तीत होतो. गठ्ठा सोडला आणि जांभळ्या रंगाचा एक झेंडा माझ्याकडं बघत राहिला. वांगं म्हणजे अगदी वांगं, कृष्णाकाठचं. समाजमंदिराच्या पायरीवर बसलेले एक म्हातारे काका उठून आले, पोस्टर हातात धरून लांब केलं, जवळ केलं.

"आरं गड्या, ह्यो कुठला पक्ष काढलाय?"

"आपलाच झेंडा आहे, काका."

"व्हय? मग बाजारात पाटी मांडून बस की. लय खपत्याल."

सगळे हसले. ते हसणं मला सोसलं नाही. त्या हसण्यात मी दुसऱ्या दोन गोष्टी बघितल्याच नाहीत. म्हणजे बघितल्या, पण मोजल्या नाहीत. ती खुरपंवाली म्हातारी त्याच वस्तीतली होती. तिनं पोस्टरवर स्वतःच्या गालावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मीच हाय की ही. फोटोवाल्यानं लगनात काढलावता त्यात मी दुसरीच कोन दिसत व्हते." आणि साक्षरतेच्या वर्गाला जाणाऱ्या दोघी बायका नावांवरून बोट फिरवत आपलं गाव शोधत होत्या. त्यांना ते सापडलं. बारीक अक्षर, पण धारदार, एक काना फुटलेला नाही.

मी पोस्टराची गुंडाळी करून दुपारच्या गाडीनं सांगलीला आलो. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं. मी चपला घालूनच काचेच्या खोलीत गेलो आणि गुंडाळी तिच्या टेबलावर आपटली. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. मालक धावत आला. मी त्याला म्हणालो, "असली माणसं ठेवता कशाला कामाला?"

हे ते वाक्य.

तिच्या टेबलाच्या खणात माझ्या सहीची प्रिंट होती. तो खण तिच्या गुडघ्याला लागून होता. तिनं उघडला नाही. तिनं गुंडाळी सोडवली, पोस्टर टेबलावर सपाट केलं आणि झेंड्याकडं नाही, खालच्या नावांकडं बघितलं. सगळी, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. मग कॉम्प्युटरवर तिनंच शिवलेलं फुलाफुलांचं कापड घातलं आणि बाहेर जाऊन चपला पायात सरकवल्या. मला वाटलं पाणी प्यायला गेली.

मोर्चा झाला. जांभळ्या पोस्टरांवरही माणसं आली, भरपूर आली. आठ-दहा दिवसांनी मी पोस्टर छापणाऱ्या ऑफसेट प्रेसमध्ये दुसऱ्या कामाला गेलो. तिथला मशीनमन पन्नाशीचा, शाईनं नखं कायमची काळी.

"मोर्चा झाला का?" त्यानं विचारलं. "आणि त्या पोरीला पेढे दिलंस का न्हाई?"

"कुठल्या?"

"जिनं तुझी गावं वाचवली ती. आरं, तू अक्षरं चित्रात कोंबाय लावलीवतीस म्हणं. चार रंगांच्या चार प्लेटा, त्यात तसलं बारीक अक्षर, जरा कागुद हलला की सगळ्या गावांचा शेणकाला. ती हितं आली, प्लेट करायच्या आधी. म्हणाली, मामा, अक्षरं चित्रातनं काढल्यात, येगळी एकट्या काळ्यात दिल्यात, तेवढी काळी प्लेट नीट सांभाळा. म्हटलं, आन् ह्यो निळा? ह्यो तर वांगं हाय. म्हणाली, त्यो त्यांच्या सहीचा हाय, त्याला हात लावायचा न्हाई."

तो पुढं मशीन पुसत होता. "गेली ती आता तिथनं," तो म्हणाला. "मालकानं दुसऱ्या दिवशीच दुसरा आणला."

आम्ही कामगारांच्या बाजूनं बोलणारी माणसं. चौकशी न करता काढून टाकलेल्यांसाठी मी दोन वेळा उपोषणाला बसलोय.

तिच्या मावशीकडून कळलं की ती शिरवळला गेली, खोकी छापणाऱ्या एका कारखान्यात. मी सांगली-सातारा, सातारा-शिरवळ अशा दोन एस.ट्या बदलून गेलो आणि कारखान्याची पाळी सुटायच्या वेळेला फाटकाशी उभा राहिलो. ती मैत्रिणीबरोबर बाहेर आली, मला बघून थांबली. मैत्रीण जरा पुढं जाऊन उभी राहिली. मी गाडीत जुळवलेलं सगळं बोललो. माझ्याकडून घडलेला अन्याय, माझा पूर्वग्रह, असं बरंच.

"पत्रक पाठ करून आलात?" ती म्हणाली. चिडलेली नव्हती. थकलेली होती, आठ तासांच्या पाळीनंतर माणूस असतं तशी.

"मी मालकाला सांगतो. तुम्हाला परत घेतील."

"मला न्हाई जायचं तिथं. हितं बरं हाय." मग थोडा वेळ महामार्गावरच्या ट्रकांकडं बघत राहिली. "पण सांगा. दुकान भरलेलं असताना सांगा. ज्या आवाजात बोलला होता त्याच आवाजात."

"सांगतो."

"मग या," ती म्हणाली.

'या' म्हणाली. परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत मी त्याच एका शब्दाशी खेळत बसलो होतो. तो निरोपाचा होता का बोलावण्याचा, ते आजही सांगता येत नाही.

आणि आता जे लिहितोय ते लिहायलाच तीन वर्षं लागली. मी दुकानात गेलो. दुपारी अडीचला, जेवणाच्या वेळेला, दुकान रिकामं असताना. मालकाला हळू आवाजात सांगितलं की चूक माझी होती. तो म्हणाला, "जाऊ द्या हो, झालं गेलं." मी चहा घेतला आणि बाहेर पडलो. माझ्या जागी तलाठी असता तर मी त्याला सोडला नसता.

त्यानंतर मी शिरवळला जाऊ शकलो नाही. पुण्याला बैठकांना जाताना गाडी शिरवळला थांबायची तेव्हा मी खिडकीकडून उठून आतल्या बाजूला बसायचो. तिथून चहावाल्याचा आवाज यायचा, पाळी सुटलेल्या बायकांचा गलका यायचा, आणि त्यात एखादा आवाज तिच्यासारखा वाटला की मान वळवायची इच्छा व्हायची आणि वळवता यायची नाही. एकदा एका साबणाच्या खोक्यावर फार सुंदर, शांत, अगदी खरा निळा बघितला. ते रिकामं खोकं मी वर्षभर खोलीत ठेवलं होतं. तिनंच केलं असेल असं काही नाही. पण कुणीतरी मॅजेंटा कुठं थांबवायचा हे कळून थांबवला होता.

गेल्या निवडणुकीच्या तोंडावर एक दिवस मी त्या दुकानावरून जात होतो. आत उभं राहायला जागा नव्हती, चार पक्षांची माणसं एकमेकांच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत होती. विचार केला असता तर पुन्हा राहिलं असतं. मी चपला बाहेर काढून आत गेलो आणि ज्या आवाजात सभेत बोलतो त्या आवाजात बोललो. की तीन वर्षांपूर्वी इथं एक ऑपरेटर होती, तिला मी सगळ्यांसमोर बोल लावला, तो खोटा होता. निळा मी बिघडवला. सही माझी होती. तिनं माझ्या नकळत सगळी गावं वाचवली आणि मी तिची नोकरी घालवली.

मग कुणीतरी म्हणालं, "कुठल्या पक्षाचं हाय ह्ये?" आणि हशा झाला. मालकानं मान खाली घातली. नवा ऑपरेटर पुन्हा कुणाचातरी चेहरा उजळायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी शिरवळला गेलो. फाटक तेच, पाळीची वेळ तीच. ती आली नाही. तिची ती मैत्रीण आली. तिनं मला ओळखलं नाही, खूण पटवून द्यावी लागली.

"ती व्हय," ती म्हणाली. "ती गेली की मागल्या मार्गशीर्षात. लगीन झालं. जतच्याबी पलीकडं, कर्नाटकात दिलीया."

"पत्ता?"

"पत्ता न्हाई बा माझ्याकडं. येती कवा मावशीकडं, तवा भेटती."

"भेटली तर एक निरोप सांगाल? सांगा, दुकान भरलेलं असताना बोललो. मोठ्यानं."

"काय बोलला?"

रस्त्याच्या पलीकडं तिची गाडी लागली होती. ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी त्या अनोळखी बाईला झेंडा, मॅजेंटा, सही, अक्षरं, सगळं भराभर सांगितलं. तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं, भेटली तर सांगीन," ती म्हणाली आणि पळत जाऊन गाडीत चढली. गाडी खंडाळ्याच्या बाजूला वळली. मी तिथंच उभा राहिलो, दुसऱ्या पाळीच्या बायका आत जाईपर्यंत.